किल्ली हाती, अधिकार दुसरीकडे

सटाण्यात ज्यांची यात्रा भरते ते देवमामलेदार महसूल खात्यातले अधिकारी होते. यशवंत महादेव भोसेकर यांनी 1870-71च्या दुष्काळात सरकारी खजिन्यातले सव्वा लाखाच्या घरातले रुपये रयतेला वाटले, आणि वरिष्ठ तपासणीला आले तेव्हा खजिना भरलेला निघाला, असं बागलाण तालुक्यात सांगतात. चमत्कार बाजूला ठेवला तरी एवढं उरतं की किल्लीही त्यांची होती आणि निर्णयही त्यांचाच.

आज त्याच तालुक्यात जपून ठेवण्याजोगा खजिना म्हणजे सातबाराच्या नोंदी. पीककर्ज, खरेदीखत, वारसहक्क, सगळं त्यांवर अडतं. 2018मध्ये डिजिटल सहीचा सातबारा आला, 2021मध्ये ई-पीक पाहणी. कंपन्यांत डीबीए, म्हणजे डेटाबेस प्रशासक, डेटा सांभाळतो. गावात ते काम तलाठ्याच्या गळ्यात पडलं. त्यासाठी त्याची भरती झाली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

नियम मुळात चांगले आहेत. फेरफार तलाठी नोंदवतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीची 15 दिवसांची मुदत संपते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. बँकांचे डेटाबेस याच तत्त्वावर चालतात. महसूल खातं ते संगणकाच्या कितीतरी आधीपासून पाळत आलं. त्याबद्दल खात्याला कुणी शाबासकी दिल्याचं ऐकिवात नाही.

घोळ जुन्या नोंदी संगणकावर चढवताना झाला. खातेदारांच्या हेक्टर-आरची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळेना. कुठे पोटखराबा चुकला, कुठे मयताचं नाव तसंच राहिलं. कागदावर वर्षानुवर्षं सुखाने नांदलेली विसंगती संगणकाने चव्हाट्यावर आणली. तलाठ्याला ती दिसते, पण परस्पर दुरुस्त करता येत नाही; जमीन महसूल संहितेच्या कलम 155खाली तहसीलदारांचा आदेश लागतो. तो लागायलाच हवा. मात्र डाळिंबासाठी कर्ज काढायला निघालेला शेतकरी तहसीलदारांना गाठत नाही. तो तलाठ्याला विचारतो, ‘‘भाऊसाहेब, माझे वीस आर गेले कुठे?’’ दिवसा सर्व्हर रेंगाळतो म्हणून रात्री जागून नोंदी भरलेल्या माणसाने यावर काय सांगावं? पुढे तक्रार झालीच, तर कारणे दाखवा नोटीसही त्यालाच.

माझा आक्षेप इथे आहे. किल्ली सांभाळणाऱ्याचा निर्णयाधिकार काढून घेतलात, योग्य केलंत. मग दोषाचा वाटाही त्याच मापाने कमी करा.

दोष माणसाऐवजी व्यवस्थेत कसा शोधावा, याचं एक उदाहरण आहे. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या अभियंत्याने रात्री उशिरा, थकलेला असताना, भलत्याच सर्व्हरवरचा डेटा पुसला. सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. ऐनवेळी बॅकअपही दगा देऊन गेले. कंपनीने जाहीर केलेल्या अहवालात अभियंत्याचं नाव नव्हतं. बॅकअप नीट चालतात की नाही हे तपासण्याची जबाबदारी कुणावरच सोपवलेली नव्हती, ही कबुली होती.

अशाने लाचखोर तलाठी सुटेल, असं कुणी म्हणेल. शंका रास्त आहे, आपल्याकडे तर फारच रास्त. पण कोणत्या लॉगिनवरून, कधी, काय बदललं, हे चोख जपलेल्या डेटाबेसमध्ये उमटतंच, आणि जुन्या कागदातून उतरलेली चूक आणि मागाहून केलेली खाडाखोड त्यात वेगवेगळी दिसतात. नोटिशीचा मसुदा लिहायला घेण्याआधी तहसील कचेरीत तो तपशील मागवला जावा, एवढी मागणी तलाठी संघटनेने लावून धरली तरी पुष्कळ.