चाळीस डाइव्ह

"किती डाइव्ह झाल्यात तुझ्या?" त्याने पार्किंगमध्ये विचारलं. मी म्हणालो, "चाळीस." आकडा खरा होता. तरी मी तेव्हा खोटं बोललो का, हा प्रश्न वर्षभर डोक्यातून जात नाहीये.

फेब्रुवारी महिना, इंग्लंडमधली पाण्याने भरलेली एक जुनी दगडखाण, पाणी ६ अंश. माझ्या चाळीसही डाइव्ह हॅवलॉक आणि नेत्राणीच्या, २७-२९ अंशांतल्या. तो साठीचा गृहस्थ, त्या दिवसापुरता माझा बडी. ड्रायसूटचं ट्रेनिंग मी आदल्याच आठवड्यात केलं होतं, त्यामुळे कागदोपत्री सगळं चोख.

थंड पाणी म्हणजे तेच पाणी, फक्त गार, असं वाटायचं. तसं नसतं. चेहऱ्याला पाणी लागताच धाप लागते, ती आवरायला मिनिट-दोन मिनिटं जातात. जाड हातमोज्यांत बोटं बधिर होतात. ड्रायसूटमधली हवा वर येताना फुगते. वेळेत सोडली नाही तर माणूस फुग्यासारखा वर जातो. आणि रेग्युलेटर! टाकीतली दाबाखालची हवा प्रसरण पावताना आणखी गार होते. पाणी आधीच गार असेल तर आत बर्फ धरतो, व्हॉल्व्ह उघडाच अडकतो आणि हवा धो धो वाहत सुटते. हे टाळायला सील केलेली रेग्युलेटर मिळतात. माझं तसलं नव्हतं. हे सगळं मी वाचलेलं होतं, बरं का.

१५ मीटरवर, धापा टाकत असतानाच सूटमध्ये हवा भरायचं बटण दाबलं आणि नेमकं तेच झालं. बुडबुड्यांपलीकडे काही दिसेना. त्याने आपलं दुसरं रेग्युलेटर माझ्या तोंडात दिलं आणि माझा पट्टा धरला. वर येताना माझा सूट फुगायला लागला, तेव्हा माझं डावं कोपर त्यानेच वर ढकललं, कारण हवा सोडायचा व्हॉल्व्ह त्या दंडावर असतो. तरीही आम्ही हवं त्यापेक्षा वेगाने वर आलो. पट्टा सोडला असता तर तो हळूहळू, सुरक्षित येऊ शकला असता.

'माझा जीव, माझी रिस्क' हे वाक्य मी ट्रेकला निघताना आईला कितीदा ऐकवलंय. त्या दिवशी मात्र निम्मी रिस्क त्याची होती. त्याने प्रश्नच अर्धवट विचारला, असंही स्वतःला समजावून पाहिलं. पण 'चाळीस' ऐकून त्याने मान हलवली, तेव्हाच तो काय समजला ते मला कळलं होतं आणि मी ते तसंच राहू दिलं. धर्मराजाने निदान हत्ती पुटपुटला तरी होता. ऑफिसात कुणी 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणालं की मीच हसतो. खरं सांगितलं तर तो नको म्हणेल, एवढीच भीती होती. नको म्हणायचा हक्क त्याचा होता आणि तो मी त्याला न विचारता काढून घेतला.

मार्चमध्ये पुन्हा गेलो, सील केलेलं रेग्युलेटर भाड्याने घेऊन. नव्या बडीने तोच प्रश्न विचारला. म्हटलं, "गरम पाण्यात चाळीस. गार पाण्यात एक, तीही अर्धवट." तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग आज इन्स्ट्रक्टरबरोबर जा, माझ्याबरोबर नको."

त्या दिवशी इन्स्ट्रक्टर मोकळा नव्हता. मी गाडीत बसून चहा प्यायलो. तिचं पटलं होतं, आणि तिचा रागही आला होता.