गोधडी उलटून पाहा

घरातली गोधडी कधी पूर्ण होत नाही. एका बाजूचं लुगडं विरलं की त्यावर दुसरं चढतं, कोपरा फाटला की ठिगळ बसतं, आणि काही वर्षांनी ती अख्खी गोधडीच नव्या गोधडीच्या पोटात जाते. प्रदर्शनात मांडायची गोधडी मात्र ठरलेल्या तारखेला पूर्ण व्हावीच लागते. तिला लांबी-रुंदी लागते, किंमत लागते, शिवणारीचं नाव लागतं आणि पहिला-दुसरा क्रमांक ठरवणारं कुणीतरी लागतं. बचत गटांच्या विक्री-प्रदर्शनांमुळे गोधडी आज उंबऱ्याबाहेर आली आहे आणि हे चांगलंच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तिचं चांगलं-वाईट कोणत्या कसोटीवर ठरवायचं, हा प्रश्न आपण अजून नीट विचारलेलाच नाही. तो पेठसारख्या तालुक्यातून विचारायला हवा, कारण तिथे गोधडी ही हौस नाही, गरज आहे.

नाशिकहून सावळघाट आणि कोटंबीचा घाट ओलांडून पन्नास-पंचावन्न किलोमीटर गेलं की पेठ येतं. पुढे रस्ता गुजरातेत, धरमपूरकडे उतरतो. कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाचा हा डोंगराळ मुलूख. भात, नागली, वरई ही इथली पिकं. जूनमध्ये आलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत ठाण मांडून असतो आणि दिवाळीनंतर डोंगरातल्या रात्री चांगल्याच गारठतात. पिकं घरात आली की अनेक कुटुंबं दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत कामाला निघतात. त्यांच्या बोचक्यात भांड्यांच्या बरोबरीने गोधड्या असतात. बागेच्या कडेला पाल पडतं, त्यात अंथरायला एक आणि पांघरायला एक. म्हणजे गोधडी शिवायला सवड मिळते ती कापणी-मळणी उरकल्यावर आणि गाव सोडण्याच्या आत, किंवा बागांवरून परतल्यावर पाऊस लागेपर्यंत. हे दिवस मोजकेच असतात, आणि त्यांतही पाणी, सरपण, स्वयंपाक कुणाला चुकत नाही.

या मोजक्या दिवसांत होणारं काम जवळून पाहण्यासारखं आहे. सारवलेल्या जमिनीवर सुती लुगडं सुरकुत्या काढून पसरतात आणि चार कोपऱ्यांवर दगड किंवा पाट ठेवतात. मग जुने कपडे येतात: धोतर, परकर, सदरे, उशांचे अभ्रे. त्यांच्या शिवणी आधीच उसवलेल्या असतात, गुंड्या आणि हूक काढलेले असतात. सदऱ्याची कॉलर आणि परकराचा नेफा कापून टाकायचा, कारण तिथे सुई अडते आणि झोपणाऱ्याच्या अंगालाही तेच रुततं. विरलेलं कापड असेल तिथे दोन थर, जाड असेल तिथे एक. हाताने चाचपत चाचपत सगळीकडे जाडी सारखी करायची, वर दुसरं लुगडं अंथरायचं आणि लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे. एवढं झालं की खरी शिवण सुरू होते.

ही शिवण म्हणजे साधा धावदोरा. काठापासून सुरुवात करून चौकोनात चौकोन, बोटभर अंतर राखत आत आत जायचं. प्रत्येक फेरीला कापडाचा थोडा झोळ आतल्या बाजूला सरकतो. उजवा हात सुई चालवत असतो तेव्हा डावा तळहात हा झोळ पसरून सारखा करत असतो. त्यात हयगय झाली की झोळ साठत जातो आणि शेवटी गोधडीच्या मधोमध फुगवटा उभा राहतो. तो शेवटच्या फेरीला काढता येत नाही, कारण त्याचं मूळ पहिल्या फेऱ्यांत असतं. दोघी-तिघी मिळून बसल्या तर हात जुळावे लागतात. एकीचा टाका घट्ट आणि दुसरीचा सैल असला की गोधडी तिरकी ओढली जाते. म्हणून जाणत्या बाया कुणी कोणत्या बाजूला बसायचं हे आधीच ठरवतात. गोधडीच्या काठाकडे पाहून हे काहीच कळत नाही. कारागिरीची परीक्षा होते ती मध्यावर.

आता हीच गोधडी प्रदर्शनासाठी शिवायला घेतली की काय होतं? मांडणी घडी घालून होते, एकावर एक रचून. गिऱ्हाईक चालता चालता पाहतं, त्यामुळे सगळ्यात आधी रंग दिसतात, मग काठ दिसतो. साहजिकच सल्लेही तसेच मिळतात. नवं कापड घ्या, रंग जुळवा, काठाला मशीनची शिवण मारा, आत जुन्या कपड्यांऐवजी पॉलिस्टरचा तयार थर घाला. तारीख जवळ आली की टाका लांबतो, फेऱ्यांमधलं अंतर वाढतं आणि मधला भाग घाईत उरकला जातो, कारण घडीच्या आत तो कुणाला दिसणार नसतो. कारागिरी जिथे सिद्ध व्हायची, तीच जागा प्रदर्शनात झाकली जाते. याचा दोष शिवणारीचा नाही. जे पाहिलं जातं आणि ज्याला दाम मिळतो, तेच माणूस नीट करतो.

यावर काही जण म्हणतात, गोधडी बाजारात आणूच नये; ती मायेची वस्तू आहे, तिची किंमत करणं हाच तिचा अपमान. मला हे पटत नाही. माया म्हटली की मजुरी विचारायची सोय उरत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं काम याच वाटेने फुकट गेलं आहे. घरकाम सांभाळून एकटीने एक मोठी गोधडी शिवायची तर पंधरवडा-महिना सहज जातो. या श्रमाचा पैसा तिच्या हाती पडत असेल, तर त्यात अपमान कसला? शिवाय घरची गरजही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. सुती लुगडी कमी झाली, त्यांच्या जागी नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्या घाम टिपत नाहीत आणि शिवताना थर एकमेकांवरून घसरतात. बाजारात ब्लँकेटं स्वस्त मिळतात. बाहेर मागणी नसेल तर लेकी-सुना हे काम शिकतील कशासाठी? राज्यात २०११ पासून ‘उमेद’ अभियानाने बचत गटांची जी बांधणी केली, मुंबईचं महालक्ष्मी सरस किंवा पुण्याची भीमथडी जत्रा अशी जी मोठी व्यासपीठं उभी राहिली, त्यांनी खेड्यातल्या बाईच्या हाताला पहिल्यांदाच शहरी गिऱ्हाईक दिलं. एका अनोळखी माणसाने थांबून ‘हे तुम्ही केलंत?’ असं विचारणं ही काही लहान गोष्ट नाही.

बाजार हवाच. मात्र त्याचे नियम गोधडीच्या अंगाने ठरायला हवेत, आणि तसे ते ठरले नाहीत तर काय होतं याचा एक मोठा धडा इतिहासात आहे. १९३३ साली शिकागोच्या जागतिक मेळ्याच्या निमित्ताने सिअर्स रोबक या कंपनीने अमेरिकाभर हाताने शिवलेल्या रजयांची स्पर्धा घेतली. मंदीचे दिवस होते आणि पहिलं बक्षीस हजार डॉलरचं होतं. सुमारे २४ हजार रजया आल्या. रजई स्पर्धकाने स्वतः केलेली असावी, असा नियम होता. पहिलं बक्षीस केंटकीतल्या मार्गारेट केडन यांना मिळालं आणि त्यांची रजई राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट देण्यात आली. पुढे उघड झालं की त्या रजईत केडन यांचा स्वतःचा एकही टाका नव्हता. काम पैसे देऊन दुसऱ्या बायकांकडून करून घेतलं होतं. त्या बायकांना बक्षिसातला वाटा मिळाला नाही, आणि असलेलं काम जाईल या भीतीने त्यांनी तोंडही उघडलं नाही. त्या रजईचे टाके इतके उत्कृष्ट होते की परीक्षकांनी २४ हजारांतून ती निवडली. त्यांची नजर टाक्यांवर बरोबर पडली, फक्त टाके कुणाचे हे विचारायचं राहून गेलं.

अमेरिकेतच अलाबामा राज्यातल्या जीज बेंड गावाची कथा याच्या पुढची आहे. तिथल्या कृष्णवर्णीय शेतकरी बायका शेतात झिजलेल्या कपड्यांच्या रजया शिवत. २००२ साली त्या रजया ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत लागल्या, २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. शिवणाऱ्या बायकांची नावंही जगापुढे आली. तरीही २००७ मध्ये त्यांतल्या काही जणींना आपल्या कामाच्या पैशांचा हिशेब मागण्यासाठी कोर्टात जावं लागलं. म्हणून कामाखाली नाव लिहिल्याने गोष्ट संपत नाही. नावाबरोबर हिशेबही उघडा असावा लागतो.

आपल्या शेजारी याहून आश्वासक उदाहरण आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज राहतो. त्यांच्या बायका ‘कवंदी’ शिवतात, तीही जुन्या कपड्यांची आणि काठापासून आत जाणाऱ्या धावदोऱ्याची. कवंदी पुरी झाली असं केव्हा म्हणायचं, हे त्यांच्यात पक्कं ठरलेलं आहे. चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची लहान फुलं बसली पाहिजेत. ती नसतील तर कवंदी उघडी आहे, असं त्या मानतात. या कवंद्या आज परदेशातल्या प्रदर्शनांतही मांडल्या जातात, पण त्या पूर्ण झाल्या की नाहीत हे आयोजक ठरवत नाही. शिवणाऱ्या बायका ठरवतात. काम कुठे संपतं हे सांगण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच हाती ती कला राहते.

पेठमध्ये हा अधिकार आजही जिवंत आहे. तो फक्त प्रदर्शनाच्या मांडवात आणलेला नाही. नवरात्राआधी पाऊस ओसरला की घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढतात. भिजलेली गोधडी एकीला पेलत नाही. दोघी दोन टोकं धरून तिला पीळ घालतात, दगडावर आपटतात, उन्हात पसरतात. त्या वेळी कुणाची गोधडी आत गोळा झाली, कुणाचा दोरा तुटला, कुणाच्या कापडाचा रंग गेला, हे सगळ्या बाया पाहत असतात आणि बोलूनही दाखवतात. गोधडीची याहून कडक आणि याहून जाणती परीक्षा मला तरी माहीत नाही. या परीक्षेत नव्या कापडाला गुण नाहीत, रंग जुळवण्याला फारसे नाहीत. टिकण्याला आहेत, सपाटीला आहेत, वजनाच्या मानाने मिळणाऱ्या उबेला आहेत.

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या प्रदर्शनात गोधडीची स्पर्धा घ्यायची असेल तर नियम इथूनच उचलावेत. गोधडी उलगडून आणि दोन्ही बाजूंनी मांडावी. परीक्षकाने मध्यावरून तळहात फिरवून पाहावा. मांडण्याआधी ती निदान एकदा धुतलेली असावी. जुन्या कापडाची हातशिवण, नव्या कापडाची हातशिवण आणि मशीनची शिवण असे तीन वेगळे गट असावेत, म्हणजे मशीनवर शिवणारीलाही न्याय मिळेल आणि हाताने शिवणारीची मशीनशी झुंज लागणार नाही. परीक्षकांत स्वतः आयुष्यभर गोधड्या शिवलेली किमान एक बाई असावी, आणि तिचं मत शोभेपुरतं घेतलं जाऊ नये. चिठ्ठीवर गटाच्या नावाबरोबर ज्यांनी ज्यांनी टाके घातले त्या सगळ्यांची नावं असावीत. किती दिवस लागले तेही लिहावं, म्हणजे किंमत कशी आली हे घेणाऱ्याला कळेल. आणि तारीख भातलावणीत किंवा माणसं द्राक्षबागांवर गेलेली असताना ठेवू नये. स्पर्धेची घोषणा पुरेशी आधी झाली, तर शेवटच्या फेऱ्या घाईत उरकायची वेळ कुणावर येणार नाही.

यात खर्चाचं काही नाही आणि अवघडही काही नाही. एवढंच मान्य करावं लागेल की गोधडीबद्दल शिकवायला जाणाऱ्यांपेक्षा ती शिवणारीला जास्त कळतं. प्रशिक्षण द्यायचंच असेल तर ते किंमत काढण्याचं द्यावं, हिशेब ठेवण्याचं द्यावं, मागणी कुठे आहे हे शोधण्याचं द्यावं. टाका कसा घालायचा हे तिला सांगायची गरज नाही.

उरलेलं काम तुमचं-माझं आहे. घरातली जुनी सुती लुगडी, धोतरं, चादरी भांड्यांवर घालण्याऐवजी गोधड्या शिवणाऱ्या एखाद्या गटापर्यंत पोचवा. चांगल्या सुती कापडाचीच आज खरी टंचाई आहे. आणि प्रदर्शनात गोधडी दिसली, तर घडी उलगडायला सांगा, ती उलटून पाहा, मध्यावर हात ठेवा, कुणी कुणी शिवली ते विचारा. काम पसंत पडलं तर सांगितलेली किंमत द्या. घासाघीस करू नका.