ॲम्प्लिफायर गप्प असताना

स्वस्थ बसा. समोर टेबलावर झाकण काढलेला एक पॉवर ॲम्प्लिफायर आहे, असं मनात आणा. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून एकेक पार्ट आणून कोणीतरी हौसेनं जोडलेला. काळ्या हीटसिंकवर २एन३०५५ आणि एमजे२९५५ ही जोडी स्क्रूनं आवळलेली. सप्लाय अधिक ३५ आणि उणे ३५ व्होल्टचा. पण स्विच टाकला की ट्रान्सफॉर्मर घुमायला लागतो, व्होल्टेज निम्म्यावर येतं आणि फ्यूज उडतो.

अशा वेळी मनात पहिला विचार कोणता येतो, तो नीट पाहा. सप्लाय कमी पडतोय. मोठा ट्रान्सफॉर्मर लावू. तोवर फ्यूज जरा जाड टाकू. हा विचार येऊ द्या, पण लगेच हात हलवू नका. सप्लाय बसतो तेव्हा तो एवढंच कळवतो की आपल्याकडे कोणीतरी भलतंच मागतंय. मागणारा कोण, हे अजून आपल्याला ठाऊक नाही. जाड फ्यूजनं तो सापडत नाही; उलट आणखी दोन पार्ट जळतात.

म्हणून आधी सप्लाय आणि ॲम्प्लिफायर या दोघांना वेगळं करू. मेनचा प्लग काढा. फिल्टर कपॅसिटरवर रेझिस्टर धरून ते रिकामे करा आणि मीटर शून्यावर येईपर्यंत थांबा. घाई इथे जिवावर बेतू शकते. मग ॲम्प्लिफायरच्या वायरी सोडवून एकटा सप्लाय चालू करा. दोन्हीकडे ३५ व्होल्ट स्थिर दिसले आणि ट्रान्सफॉर्मर शांत राहिला, की निदान आपण होऊन सप्लाय बसत नाही, हे नक्की झालं.

आता पुन्हा सगळं बंद, पुन्हा कपॅसिटर रिकामे, आणि मग जोडणी. या वेळी मेनच्या वाटेत सिरीज बोर्ड घाला: १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब. रिपेअरिंगवाल्याच्या टेबलावरची ही सगळ्यात समजूतदार वस्तू. थंड असताना त्याच्या तारेचा रेझिस्टन्स ४० ओहमच्या आसपास. तार पेटली की तो ५०० च्या वर जातो. जितका करंट जास्त मागाल, तितका बल्ब हात आखडता घेतो. स्विच टाका आणि फक्त बल्बकडे बघा. क्षणभर लखकन पेटतो, कारण कपॅसिटर भरतायत. मग मंदावला तर बरं. भगभगीत पेटलेलाच राहिला, तर आत दोष आहे. आणि तो काहीही न जळता दिसला आहे.

स्पीकर काढा. इनपुट शॉर्ट करा. आता या यंत्राला कसलंही काम नाही. अशा वेळी ते किती करंट खातं? सगळं मनन या एका प्रश्नावर ठेवा.

करंट विनाकारण वाहण्याची पहिली जागा म्हणजे ट्रान्झिस्टरखालची अभ्रकाची पातळ चकती. २एन३०५५ चं धातूचं अंग हाच त्याचा कलेक्टर, म्हणून ते हीटसिंकला थेट टेकता कामा नये. भोक पाडताना कडेला राहिलेली एक बारीक किनार ती चकती भेदते. वरून सगळं जागच्या जागी दिसतं, पांढरी पेस्टही व्यवस्थित लागलेली असते. मीटर मात्र अंग आणि हीटसिंक यांच्यामध्ये शून्य ओहम दाखवतो.

दुसरी जागा बायसची, म्हणजे ट्रान्झिस्टरला शांततेतही जागं ठेवणाऱ्या व्होल्टेजची. इथे जरा जास्त वेळ थांबू. ट्रान्झिस्टर तापला की तोच करंट वाहायला त्याला कमी व्होल्टेज पुरतं, दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट कमी. बायस मात्र तेवढाच राहिला, तर करंट वाढतो, करंटनं उष्णता वाढते, उष्णतेनं पुन्हा करंट. हे चक्र तोडायला बायसचा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला चिकटलेला लागतो. तो बोर्डावर मोकळा राहिला, तर हीटसिंक किती तापलंय हे त्याला कळतच नाही.

सिरीज बल्ब सुरक्षित मंद राहतो हे पाहून तो काढा आणि ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर मीटर लावा. ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिॲम्पिअर. एका जोडीत साडेतीन वॅटची ऊब. ११० मिलिव्होल्ट असेल, तर नुसतं बसून ३५ वॅट जळतायत.

तिसरा दोष कानाला ऐकू येत नाही. फीडबॅक बिघडला की ॲम्प्लिफायर फार वरच्या फ्रिक्वेन्सीवर स्वतःशीच थरथरत राहतो. स्पीकर जोडलेला नसतानाही आउटपुटवरचा १० ओहमचा रेझिस्टर चटका बसेल इतका तापला, तर संशय इथे घ्या.

आता प्रिसेट फिरवून बायस शून्यावर नेला, तर सगळं गार पडेल. पण तेव्हा आवाज खरखरीत होतो. लाट शून्य ओलांडताना एक ट्रान्झिस्टर थांबलेला असतो आणि दुसरा जागा झालेला नसतो. हळुवार सूर नेमके तिथेच तुटतात. शांततेतही थोडा करंट वाहायलाच हवा, म्हणजे पहिला बारीक सूर आला की दोघंही तयार असतात.

हाच प्रश्न आता स्वतःला विचारा. थकवा आला की आपण जास्त झोप, जास्त सुट्टी, जास्त बळ मागतो. त्याआधी एकदा, काहीच काम नसताना, आपलं काय खर्च होतंय ते पाहा. कुठे तरी जुनी चीड आतल्या आत टेकलेली असते, कुठे काळजी स्वतःच्याच उष्णतेनं वाढत असते. ती सापडेपर्यंत बल्बच्या मंद उजेडात काम करा, म्हणजे थोडं घ्या आणि थोडं द्या. आणि जी थोडी सावध ऊब माणसाला माणसाकडे लक्ष द्यायला लागते, ती काढून टाकू नका.

एवढं तपासून झाल्यावर स्पीकर जोडा. तो ४ ओहमचा असेल, तर ८ ओहमच्या दुप्पट करंट मागेल, आणि ती मागणी रास्त असेल. तेव्हा मोठा ट्रान्सफॉर्मर निःशंकपणे घ्या.