लग्नातलं गोड कुणाच्या हातचं?

19 सप्टेंबर 1977 हा दिवस अमेरिकेत ओहायो राज्यातल्या यंग्सटाउनमध्ये आजही ‘काळा सोमवार’ म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी यंग्सटाउन शीट अँड ट्यूब या पोलाद कंपनीने आपला कॅम्पबेल कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि सुमारे पाच हजार कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. पाठोपाठ आणखी भट्ट्या विझल्या. 1930 साली 1,70,000 लोकवस्तीचं हे शहर 2020च्या जनगणनेत 60,000वर आलेलं होतं. एवढी पडझड झाली, पण तिथल्या लग्नातलं एक टेबल जागचं हललं नाही. केकच्या शेजारी, बऱ्याचदा हॉलच्या एका भिंतीची लांबी व्यापून, ते मांडलेलं असतं आणि त्यावर नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आपापल्या घरी भाजून आणलेल्या कुकीज रचलेल्या असतात. याला तिकडे ‘कुकी टेबल’ म्हणतात.

ही चाल मूळची आमचीच, असं यंग्सटाउनकर म्हणतात आणि तासाभराच्या अंतरावरचे पिट्सबर्गकरही म्हणतात. पोलादाच्या कारखान्यांत राबायला इटली, पोलंड, स्लोव्हाकिया, ग्रीस अशा देशांतून आलेल्या कुटुंबांनी ती रुजवली, याबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे. 1930च्या मंदीत मोठा केक परवडेना, म्हणून बायाबापड्यांनी आपापल्या घरून डबे आणले, अशीही एक कथा सांगितली जाते. कथा सुंदर आहे. इतिहास म्हणून तिच्याकडे बेतानेच पाहिलेलं बरं. कारण पैसे हाती आल्यावरही टेबल उठलं नाही, उलट लांबत गेलं. 2019मध्ये पिट्सबर्गजवळच्या मोनोंगाहेला या जेमतेम चार हजार वस्तीच्या गावाने आपल्या स्थापनेच्या 250व्या वर्षी 88,425 कुकीज एकत्र मांडून गिनीज बुकात विक्रम नोंदवला.

टेबलावर काय काय असतं? इटालियन घरांतून पिझेल येतात, नक्षीच्या लोखंडी साच्यात दाबून भाजलेल्या, बडीशेपेसारख्या वासाच्या पातळ चकत्या. पोलिश आणि स्लोव्हाक घरांतून जर्दाळू किंवा अक्रोडाचं सारण भरून घडी घातलेल्या कोलाच्की येतात. ओहायोच्या बकाय झाडाच्या बीसारखे दिसणारे, शेंगदाण्याच्या लोण्याचे चॉकलेटात बुडवलेले गोळेही असतात. पण सगळ्यांची नजर असते ती ‘लेडी लॉक’वर.

लेडी लॉकचं दुसरं नाव ‘क्लोदस्पिन कुकी’. कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांचा तिच्यासाठी साचा करतात. स्प्रिंग नसलेले जुन्या घडणीचे चिमटे घ्यायचे, त्यांना फॉइल गुंडाळायचं, थरांच्या पिठाची बोटभर रुंद पट्टी कापून ती चिमट्याभोवती तिरकी, किंचित एकावर एक चढवत गुंडाळत न्यायची आणि भाजायची. भट्टीतून निघाल्यावर ती कोमट असतानाच चिमट्यावरून अलगद सोडवावी लागते, नाहीतर तुटते. मग आतल्या पोकळीत साय भरल्यासारखं मऊ सारण भरायचं आणि वरून पिठीसाखर भुरभुरायची. चिरोट्याचे पदर सुटावेत म्हणून साटा लावत बसलेल्या कुणालाही हे काम ओळखीचं वाटेल. एकटीने शंभर लेडी लॉक करायच्या म्हणजे दिवस मोडतो. चौघी बसल्या, एकीने लाटलं, एकीने गुंडाळलं, एकीने भट्टी सांभाळली, एकीने भरलं, तर तेच काम गप्पांत उरकतं. पोकळ नळ्या आधी करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात, त्यामुळे तयारी कित्येक आठवडे आधीच सुरू होते.

हल्ली अनेक मुलीमुलांना वाटतं, आपल्या लग्नातला केक, बिस्किटं, लाडू आपणच करावेत. इच्छा मनापासूनची असते आणि तिचा मान ठेवायलाच हवा. हौशी बेकिंगचे वर्ग आता तालुक्याच्या गावीही चालतात, घरोघरी ओव्हन आले आहेत. पण ‘स्वतः’ या शब्दाचा अर्थ इथे चुकतो. यंग्सटाउनमध्ये लग्नाच्या मुलीवर कुकीजचा भार नसतो. तो मावश्या, आत्या, आज्या, शेजारणी, आईच्या मैत्रिणी उचलतात. हिशोब मांडून पाहावा. दोनशे पाहुणे आणि माणशी डझन कुकीज धरल्या, तर 2,400 झाल्या. वीस घरांनी प्रत्येकी दहा डझन केल्या की टेबल भरलं. तेच 2,400 नग एका नवरीने आणि तिच्या आईने करायचे ठरवले, तर हळदीच्या दिवशी दोघींच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली असतील आणि फोटोत आनंदाऐवजी थकवा दिसेल. आपल्या लग्नाचं गोड आपण करायचं म्हणजे आपल्या माणसांनी मिळून करायचं, असाच अर्थ घेतला तर ही हौस पेलते.

मराठी घरांना हे नवं नाही. लग्नाचा मुहूर्त करायचा म्हणजे बायका एकत्र जमून हळकुंडं फोडणार, जात्याला हात लावणार, सांडगे घालणार आणि गव्हले वळणार. रव्याच्या घट्ट पिठाची बारीक वळी चिमटीत घेऊन गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा बोटांनी सुटा करायचा, की झाला गव्हला. पुढे मालत्या, नखुल्या असे त्याचे आणखी आकार. वाटीभर गव्हले व्हायला तासन्‌तास लागतात आणि त्यांची खीर काही मिनिटांत संपते. बाजारच्या हिशोबात हा व्यवहार कुणालाच परवडणार नाही. पण त्या तासांत सासरमाहेरच्या खबरी, जुने रुसवे, कुणाच्या मुलीचं शिक्षण कुठवर आलं, हे सगळं बोलून होत असे. रुखवतातले अनारसे, करंज्या, साटोऱ्या, चिरोटे याच बैठकांतून तयार होत. गोव्यात नवरीबरोबर ‘वोजें’ जातं; गव्हाचं पीठ, नारळ आणि गूळ मळून, पूर्वी माडाच्या सुरेने फुगवून भाजलेला ‘बोल’ त्यात असतो आणि तो सासरच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटला जातो. भट्टीत भाजलेलं लग्नाचं गोड आपल्या किनाऱ्यावर असं फार आधीपासून आहे.

आज शहरांत तयार रुखवत विकत मिळतं, भाड्यानेही मिळतं. बाहुल्यांचा लग्नमंडप, सजवलेले नारळ, छोटी पालखी, सगळं नीटस. त्यात कुणाच्या हाताची चव नसते, कारण ते खाण्यासाठी नसतंच. धावपळीच्या घरांना दोष देण्यात अर्थ नाही. तरी रुखवताच्या टेबलावरून खाण्याची वस्तू गेली आणि शोभेची राहिली, हे नुकसान आहे आणि ते नुकसान म्हणूनच नोंदवलं पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. हे सगळं काम बायकांनीच केलं. यंग्सटाउनमध्येही आणि इकडेही. त्या श्रमाला मोल नव्हतं आणि नाही म्हणायची सोयही नव्हती. आपल्याकडे तर याहून कठोर गोष्ट होती. मुहूर्ताला पाच सवाशिणी हव्यात, या नियमाने घरातली विधवा मावशी किंवा आत्या त्या बैठकीतून उठवली गेली. बहुधा घरात सगळ्यात सुगरण तीच असायची. आतल्या चुलीवरचं काम तिने करायचं आणि पहिला गव्हला वळायचा मान दुसरीला मिळायचा. घरच्या हातचं गोड परत आणायचं असेल, तर तो नियम परत आणता कामा नये. पुरुषांनाही पाटावर बसवलं पाहिजे. लाडू वळायला दोन हात लागतात, ते कुणाचेही चालतात.

काय करावं, याचं उत्तर हवामान देतं. लोणी साधारण 32 ते 35 अंशांदरम्यान वितळतं आणि आपले बरेचसे मुहूर्त एप्रिल-मेमधले. विदर्भातल्या मांडवात लोण्याच्या आयसिंगचा तीन मजली केक उभा ठेवणं हा धोका आहे. दुधाचं, मलईचं सारण तर तब्येतीलाही घातक ठरू शकतं. नानकटाई, बेसनाचे लाडू, शंकरपाळे, खारी बिस्किटं हे आठ-दहा दिवस आधी करून डब्यात राहणारे पदार्थ. पीठ, तूप, साखर गावातल्या बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणण्याची रीत अनेक गावांत अजून टिकून आहे. घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी पंधरा-वीस नग निघतात, तिथे बेकरीच्या भट्टीत ताटंच्या ताटं निघतात. मोठा केक हवा असेल तर तो जाणत्या बेकरकडून घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

कार्यालयाला आधी विचारणंही आवश्यक आहे. अनेक कार्यालयांत बाहेरचा पदार्थ आणायला बंदी असते, कारण जेवणाचं कंत्राट ठरलेलं असतं. पिट्सबर्गकडचे हॉलवाले कुकी टेबलाला मुभा देतात, कारण गावाने तेवढा आग्रह धरला. तसा आग्रह इथेही धरता येईल. बुकिंगच्या वेळीच एका टेबलाची परवानगी लिहून घ्यावी.

यंग्सटाउनच्या लग्नात टेबलाच्या टोकाला रिकामे खोके ठेवलेले असतात. पाहुणे जाताना ते भरून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी चहाबरोबर अनोळखी घरातल्या आजीच्या हातची पिझेल कुणाच्या तरी स्वयंपाकघरात खाल्ली जाते. येत्या तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांनी एक टेबल राखून ठेवावं, वीस नाही तर दहा घरांना आत्ताच सांगावं, आणि पहिला लाडू वळायला त्या मावशीला बोलवावं जिला आजवर कुणी बोलावलं नाही.