रुग्णाला मान कळतो काय?

डॉक्टरांच्या मनात आपल्याविषयी आदर आहे की नाही, हे रुग्णाला खरोखर कळते काय? की आजाराने हळवे झालेले मन नसता अपमान कल्पिते? मान ही अंतःकरणातली गोष्ट, आणि अंतःकरण केवळ देव पाहतो, असे आपण मानतो.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे संशोधकांनी हाच प्रश्न कसोटीस लावला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३० डॉक्टर व २१५ रुग्ण होते. प्रत्येक रुग्णाविषयी किती आदर वाटतो, हे डॉक्टरांनी स्वतःच सांगितले. तो सर्वांविषयी सारखा नव्हता. वयस्कर व परिचित रुग्णांविषयी तो अधिक होता. जेथे आदर अधिक, तेथे बोलण्यात जिव्हाळा होता, माहितीही अधिक दिली गेली. आणि रुग्णांना हा फरक काही अंशी जाणवला होता.

आम्हां रायपूरकरांना याचे नवल वाटू नये. समता कॉलोनीसारख्या वस्तीतील एखाद्या दवाखान्यात सुशिक्षित गृहस्थास ‘आप’ म्हटले जाते आणि त्याच्यामागून आलेल्या मजूर बाईस ‘तू’. बाई काही बोलत नाही. पण तिचे मौन म्हणजे अज्ञान नव्हे. औषधाची गरज तिला आहे, म्हणून ती गिळून बसते.

कोणी म्हणेल, आदर काही हुकमाने उत्पन्न होत नाही. येथे शास्त्राची भाषा साहाय्यास येते. इब्री भाषेत गौरवाला ‘काबोद’ म्हणतात. त्याच्या मुळाशी वजनाची कल्पना आहे. आईबापांना मान देण्याच्या आज्ञेतही तोच धातू आहे. आपला ‘गौरव’ शब्दही ‘गुरु’ म्हणजे जड यापासून झाला आहे, आणि अनादर करणे याला आपण ‘हलके लेखणे’ म्हणतो. तेव्हा मान देणे ही केवळ भावना नाही. समोरच्याच्या शब्दाला वजन देणे ही कृती आहे. भावना आज्ञेने येत नसली, तरी कृती करता येते.

मार्काच्या शुभवर्तमानातील रक्तस्रावी स्त्री बारा वर्षे वैद्यांकडे पैसा खर्चून थकली होती. प्रभू याईराच्या घरी निघाला होता. तेथे मुलगी मरणोन्मुख होती. तरीही तो थांबला. स्त्री आधीच बरी झाली होती, तरी त्याने तिची सर्व हकिगत ऐकून घेतली आणि तिला कन्या म्हणून संबोधिले. गर्दीतली एक अनोळखी बाई त्या क्षणी परिचित झाली.

परिचिताविषयी आदर अधिक असतो, तर अनोळखी रुग्णाशी परिचय करून घेणे हेच डॉक्टरांचे कर्तव्य ठरते. त्याचे नाव विचारावे, त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे. देवाच्या प्रतिरूपात निर्मिलेला मनुष्य समोर बसला आहे, आणि आपण त्याला किती तोलतो आहोत, हे त्याला कळते आहे.