देहाचा जमाखर्च

‘मोठा’ हा शब्द आपण आकारासही लावतों आणि योग्यतेसही. त्यामुळें आकार व उत्पन्न हीच योग्यता, असा ग्रह मनांत सहज घर करितो. सोलापूर जिल्ह्यांतील वेळापूर आणि त्याच्या पश्चिमेकडील माणदेश हा खिल्लार गुरांचा मुलूख. सडपातळ पण कणखर बांधा, लांब शिंगें आणि चपळ चाल यांविषयीं ही जात नांवाजलेली. औतास व गाडीस तिच्या बैलांची बरोबरी थोडेच करतील. पण गाय दूध बेताचेंच देते, एवढ्यावरून सारी जातच हलकी, असा निकाल पुष्कळ सुशिक्षित माणसें देतात. तो न्याय्य आहे काय?

सृष्टीचा हिशेब असा आहे. प्राण्याची मिळकत म्हणजे त्यानें पचविलेलें अन्न. तींतून प्रथम श्वास, रुधिराभिसरण व देहाची ऊब हा नित्याचा खर्च भागावयाचा. मग उरेल त्यांत वाढ, श्रम, प्रजा आणि दूध. एका वाटेनें गेलेली शक्ति दुसऱ्या वाटेस मिळत नाहीं. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञानें १९३२ मध्यें मांडलेल्या नियमाप्रमाणें वजन १६ पट झालें, तर हा नित्याचा खर्च सुमारें ८ पटच होतो. मोठ्या देहाचा दर किलोमागें खर्च कमी. हत्तीच्या हृदयाचे ठोके मिनिटास सुमारें ३० पडतात, तर उंदराचे ५०० हून अधिक, त्याचें मर्म हेंच. परंतु या काटकसरीनें भुलून जाऊं नये. एकूण चारा मोठ्या देहास अधिकच लागतो, आणि गरिबाच्या गोठ्यांत प्रश्न असतो तो एकूण चाऱ्याचा. म्हणून खिल्लार गाईचा बांधा हा उणेपणा म्हणतां येत नाहीं. कोरड्या मुलखानें आणि शेतकऱ्याच्या पारखीनें मिळून घातलेला तो मेळ आहे.

संकरित गाय दूध अधिक देते, तें शून्यांतून नव्हे. तिला वैरण व पाणी अधिक हवें. शिवाय दूध तयार होतांना देहांत उष्णता उपजते, ती ४० अंशांच्या उन्हाळ्यांत बाहेर टाकणें कठीण जातें. नीरा उजव्या कालव्याचें पाणी जेथें पोंचलें, तेथें ही मिळकत पुरवितां येते. तेथें अशी गाय पाळण्यांत दोष नाहीं. जेथें पाणी नाहीं तेथें दूध काढावयाचें आणि चारा द्यावयाचा नाहीं, तर गाय आपल्या देहांतून भर घालते. ती झिजते आणि पुढील गर्भधारणा लांबते. यांत केवळ शेतकऱ्यास दोष देणें बरोबर नाहीं. त्याच्या मुलांचें शिक्षण दुधाच्या पैशावर चालतें. आणि शहरांत बसून दूध स्वस्त मागणारे तुम्हीआम्हीही या व्यवहारांत आहोंच.

वेळापुरास अर्धनारी नटेश्वराचें यादवकालीन देवालय आहे. एका देहांत दोघांचा वाटा, ही त्या नांवांतील कल्पना मुक्या जनावराकडे पाहतांनाही आठवावी. त्याच्या देहाचे वाटेकरी दोन: एक तें स्वतः, दुसरे आपण. पहिला वाटा त्याचा. तो पुरता पोंचल्यावांचून आपला मागणें यास आम्ही प्रामाणिक व्यवहार म्हणूं शकत नाहीं.