तुपाच्या जागी काय?

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात आला की घरात पहिली गदा तुपावर येते. अंबरनाथ-बदलापूरच्या सोसायट्यांत वरणभातावरची धार बंद होते, उल्हासनगरच्या सिंधी घरात कोकीवरचं तूप. ही भीती मला अनाठायी वाटत नाही. आपल्या दक्षिण आशियात हृदयविकाराचा पहिला झटका उर्वरित जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हे २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं. प्रश्न एवढाच, की सगळी भीती तुपावरच का येऊन बसली?

१९५० च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅन्सेल कीज यांनी तुपालोण्यात भरपूर असणारी संपृक्त चरबी, कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध मांडला. १९६१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ही चरबी कमी करून वनस्पती तेलं वापरण्याचा सल्ला दिला. आपल्याकडे तोवर वेगळंच घडलं होतं. १९३७ पासून वनस्पती तेल घट्ट करून बनवलेला डालडा बाजारात होता; शिवडीच्या कारखान्यातून पिवळे डबे बाहेर पडत होते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांचं तूप म्हणजे डालडा, मग घर सिंधी असो वा मराठी.

याच काळातलं एक काम आपण विसरलो, आणि ते चक्क रेल्वेतलं आहे. रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातल्या दहा लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून १९६७ मध्ये निष्कर्ष छापले. उत्तरेतले कर्मचारी दक्षिणेतल्यांपेक्षा कितीतरी पट जास्त चरबी खात, तीही बहुतांशी दूधतुपाची. तरी हृदयविकाराने होणारे मृत्यू दक्षिणेत सुमारे सातपट होते! यावरून तूप निर्दोष ठरत नाही. कष्ट, राहणी, नोंदींची पद्धत, सगळंच वेगळं असणार. पण नुसते ग्रॅम मोजून उत्तर मिळणार नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढे १९९० मध्ये डच संशोधकांनी दाखवलं, की तेल घट्ट करताना तयार होणारी ट्रान्स चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं घटवते. म्हणजे तुपाच्या जागी आलेला डालडाच तुपापेक्षा घातक निघाला. आपल्याकडे तेलातुपातल्या ट्रान्स चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ उजाडलं. हा उशीर मला अक्षम्य वाटतो.

मग २००९ मध्ये अकरा दीर्घ अभ्यासांची माहिती एकत्र केल्यावर प्रश्नच बदलला. संपृक्त चरबी काढून तिथे करडई, सूर्यफूल, सोयाबीन अशा तेलांतली बहुअसंपृक्त चरबी आली तर हृदयविकार घटतो. तिच्या जागी पिठूळ-गोड खाणं वाढलं, तर फायदा दिसत नाही. तूप बंद करून चहाबरोबर बिस्किटं खाणाऱ्याने काय कमावलं?

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाच्या ऊर्जेतला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाटा संपृक्त चरबीचा नको. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम पडते. चहाच्या चमच्याने एक चमचा तूप घेतलं तर त्यात तीनेक ग्रॅम. आता सकाळी दाराशी येणारी फुल क्रीम दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी घ्या. सहा टक्के स्निग्धांशाच्या हिशेबाने तीस ग्रॅम चरबी, त्यातली एकोणीसच्या आसपास संपृक्त. चौघांच्या चहाला ती पिशवी गेली तर बिघडत नाही. एकट्याने संपवली तर कोटा जवळजवळ संपला. तुपाची धार डोळ्यांना दिसते, दूध मात्र पौष्टिक म्हणून सुटतं.

पामतेलाचंही तसंच. त्यातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त. २०२२ च्या दिवाळीत सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होतं. गरिबाच्या घरी सण व्हावा हे योग्यच. पण तेल निवडताना त्याच्या हृदयाचा विचार व्हायला हवा होता.

पाकिटावर निदान संपृक्त चरबीचा आकडा छापावा लागतो. दालपकवानच्या गाडीवर तो नसतो. मैद्याची कडक पुरी कढईतून निघते, वर चणाडाळ, चिंचेची चटणी, कांदा. ती आवडीने खावी. फक्त तेल कोणतं आणि कितव्यांदा तापलंय, हे गाडीवाल्याला विचारावं. तळणीच्या तेलातल्या बिघडलेल्या घटकांवर २५ टक्क्यांची मर्यादा २०१८ पासून कायद्यात आहेच.